‘स्मृतिचित्रे’तील दैनंदिन श्रद्धाविचार : एक पुनर्वाचन

प्रास्ताविक

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मकथन १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. मराठी समीक्षेने त्याचा गौरव प्रामुख्याने तीन अंगांनी केला आहे : निर्मळ विनोद, अकृत्रिम बोली आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांसारख्या मनस्वी कवीबरोबर केलेल्या संसाराचे चित्र. पुढे स्त्री-आत्मचरित्रांच्या अभ्यासाने त्यात मोलाची भर घातली. मात्र या ग्रंथातील श्रद्धेचा प्रश्न आपण वर्गात बहुधा ‘धर्मांतराची घटना’ म्हणून उरकतो. उलटपक्षी, ख्रिस्ती वाचक त्याच घटनेकडे विश्वासाची साक्ष म्हणून पाहतो. दोन्ही वाचनांत श्रद्धा ही एका विशिष्ट दिवशी घडून गेलेली गोष्ट ठरते. प्रत्यक्षात ती या ग्रंथात रोजच्या व्यवहारात घडत, अडखळत आणि बदलत राहते, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

स्वयंपाकघरातील धर्म

नाशिकजवळील जलालपूर येथे जन्मलेल्या लक्ष्मीबाईंच्या आठवणींचा आरंभच वडिलांच्या कडकडीत सोवळ्याने होतो. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज घरात न घेणाऱ्या या माणसाच्या धाकात सारे घर वावरते. या आरंभाला केवळ विनोदी प्रसंग मानणे अपुरे आहे. धर्म म्हणजे पाणी, भांडे, चूल आणि स्पर्श यांचे नियमन, ही व्याख्या लेखिका येथेच वाचकापुढे ठेवते. पुढील सारा वैचारिक प्रवास ही व्याख्या मोडण्याचा आहे.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधल्या पाच वर्षांतील विरह, माहेरच्यांचा आधार, पुन्हा एकत्र येणे आणि तरीही आपले सोवळे व अन्नपाणी वेगळे राखणे, हा ग्रंथाचा वैचारिक गाभा होय. येथे क्रम लक्षात घ्यावा लागतो. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निर्णय आधी होतो, बाप्तिस्मा नंतर. भेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, या निष्कर्षाला लक्ष्मीबाई पोचतात त्या कोणा धर्मोपदेशकाशी वाद करून नव्हे, तर स्वतःशीच विचार करून. नीतीची जाण आधी आणि मतस्वीकार नंतर, हा क्रम पुरोगामी ख्रिस्ती विचाराच्या जवळचा आहे.

‘अरुणोदय’शी तुलना

बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ (१८८४) हे आत्मचरित्र या संदर्भात उपयुक्त ठरते. शीर्षकातच अंधार संपून उजाडल्याची प्रतिमा आहे. ग्रंथवाचन, शंका व वादविवाद या मार्गाने निवेदक सत्याप्रत पोचतो. ‘स्मृतिचित्रे’त असा एक निर्णायक सूर्योदय नाही. आहेत त्या अनेक साध्या सकाळी : घरात आणलेली पोरकी मुले, प्लेगच्या दिवसांतील शुश्रूषा, रिकामा डबा आणि दारात उभा असलेला पाहुणा. श्रद्धेची परीक्षा येथे ‘काय मानतोस?’ या प्रश्नाने होत नाही, ‘कोणाला जेवू घालतोस?’ या प्रश्नाने होते.

स्वतः टिळकांचा प्रवासही याच दिशेने झाला. १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त तीत सामावणार होते. टिळकांनी जे संस्थेच्या रूपात योजिले, ते लक्ष्मीबाईंनी घराच्या रूपात आधीच चालविले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

काळाचा संदर्भ आणि मर्यादा

ग्रंथ ज्या वर्षांत वाचकांच्या हाती आला त्यांकडेही पाहावयास हवे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ मधला. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला व पुढे काही वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवला येथे डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. पाणी, मंदिर आणि धर्मांतर हे प्रश्न रस्त्यावर आलेले असताना ‘स्मृतिचित्रे’ पाण्याच्या प्रश्नाची घरातील बाजू सांगत होते. ग्रंथात निवेदिलेला काळ बहुतांशी त्याआधीचा असला, तरी त्याचे प्रकाशन या पार्श्वभूमीवर झाले, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

याच ठिकाणी ग्रंथाची मर्यादाही दिसते. सोवळे सोडणाऱ्या स्त्रीची घालमेल येथे आतून कळते. परंतु ज्यांच्या हातचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या नाकारले गेले, त्यांच्या मनाचा ठाव येथे लागत नाही. पाणी स्वीकारणाऱ्याच्या औदार्याचे कौतुक होते, देणाऱ्याचा अपमान मात्र अनुच्चारित राहतो. भारतीय ख्रिस्ती चिंतनात हा दुसरा दृष्टिकोन पुढे दलित ईशज्ञानाने मांडला, आणि त्याच्या उभारणीत अरविंद निर्मळ यांचा वाटा मोठा आहे. ‘स्मृतिचित्रे’चे आजचे वाचन या विचाराला समोर ठेवूनच करावे लागेल. लेखिकेवर दोषारोप करण्यासाठी हे सुचविलेले नाही. तिने उघडलेले दार कोणत्या बाजूने उघडले, हे समजण्यासाठी त्याची गरज आहे.

समारोप

श्रद्धेविषयी बोलताना आपली महाविद्यालयीन समीक्षा संकोचते. धर्माचा उल्लेख म्हणजे एक तर प्रचार किंवा विवाद, अशी धास्ती त्यामागे असते. ‘स्मृतिचित्रे’ हा संकोच दूर करू शकते. कारण त्यातील श्रद्धा स्वतःवर हसू शकते, स्वतःला तपासते आणि आपली किंमत रोजच्या वागण्यात मोजते. हा ग्रंथ केवळ विनोदी आठवणींचा संग्रह म्हणून शिकविला, तर विद्यार्थ्यांना एक गोड लेखिका भेटेल. तो श्रद्धाविचार म्हणून शिकविला, तर तिच्याबरोबर एक विचारवंतही भेटेल.