मार्गदर्शक आणि परीक्षक

साहित्याच्या अध्यापनाचा विचार बहुधा अभ्यासक्रमाच्या अंगाने होतो. अध्यापक आणि विद्यार्थी यांच्यातील नात्याचे संस्थात्मक स्वरूप मात्र अलक्षित राहते. ऑनर्स पदवीच्या संदर्भात तर हेच स्वरूप निर्णायक ठरते.

आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये कवींची नावे न सांगता विद्यार्थ्यांना कविता वाचायला दिल्या आणि त्यांच्या लेखी प्रतिसादांची चिकित्सा ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये (१९२९) केली. या प्रयोगात विद्यार्थी हा निदानाचा विषय होता. त्याच्या वाचनदोषांचे वर्गीकरण झाले. प्रत्युत्तराला तेथे वाव नव्हता. याच सुमारास गणिताकडून इंग्रजीकडे वळलेले विल्यम एम्पसन रिचर्ड्स यांच्या व्यक्तिगत मार्गदर्शनाखाली आले. ग्रेव्ह्ज आणि रायडिंग यांनी शेक्सपिअरच्या एका सुनीताचे केलेले विश्लेषण कोणत्याही कवितेला लागू करता येईल, असा तर्क एम्पसननी मांडला आणि रिचर्ड्सनी तो तडीस नेण्यास उत्तेजन दिले. ‘सेव्हन टाइप्स ऑफ अँबिग्युइटी’ (१९३०) हा ग्रंथ त्यातून सिद्ध झाला. ही पद्धत गुरूने दिलेली नव्हती. शिष्याने आणलेल्या पद्धतीला गुरूने अवकाश दिला होता.

परंतु असे औदार्य व्यक्तिनिष्ठ असते आणि त्यावर व्यवस्था उभारता येत नाही. अमेरिकेतील स्वार्थमोर महाविद्यालयात फ्रँक एडेलॉट यांनी १९२२ मध्ये सुरू केलेल्या ऑनर्स योजनेचे महत्त्व येथे जाणवते. लहान चर्चासत्रे आणि बाह्य परीक्षक ही तिची दोन अंगे. पैकी दुसरे अधिक मूलगामी आहे. गुण देण्याचा अधिकार अध्यापकाकडून निघून गेला की त्याच्या मताशी असहमत होण्याची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागत नाही. बाह्य परीक्षकालाही स्वतःची अभिरुची असते, हा आक्षेप रास्त आहे. तथापि त्या अभिरुचीपुढे गुरू आणि शिष्य एकाच बाजूला उभे असतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर (२०२०) चार वर्षांची ऑनर्स पदवी आपल्याकडेही आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग खुला होतो. म्हणजे संशोधनाचे स्वातंत्र्य मिळण्यापूर्वी तीन वर्षे विद्यार्थ्याला परीक्षकाची मर्जी सांभाळावी लागणार. ज्याने मतभेदाचा सराव केलेला नाही, त्याच्या प्रबंधिकेत मार्गदर्शकाचेच मत सुवाच्य अक्षरांत परत येण्याचा संभव अधिक. चौथ्या वर्षाची खरी तयारी पहिल्या वर्षाच्या वर्गातच व्हावयास हवी, ती यासाठी.