‘इन डार्कनेस’ : भुयारी गटारातील आई आणि मूल

आग्नियेश्का हॉलंड यांचा ‘इन डार्कनेस’ (2011) हा पोलिश चित्रपट सत्य घटनेवर आधारित आहे. 1943 मध्ये नाझींनी ल्वूव (आजचे युक्रेनमधील ल्विव्ह) येथील ज्यूंची घेट्टो रिकामी करायला सुरुवात केली, तेव्हा काही ज्यू शहराच्या भुयारी गटारात उतरले. त्यांत पाउलिना खिगेर, तिचा नवरा इग्नात्सी आणि मुले क्रिस्टिना व पावेल होती. लिओपोल्ड सोखा या गटार कामगाराने सुरुवातीला पैसे घेऊन आणि पैसे संपल्यावर पदरमोड करून त्यांना सुमारे 14 महिने जगवले.

स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हा चित्रपट कान देऊन पाहावा. चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधली मिंट स्ट्रीट डोळ्यांसमोर आणा : वर दुकाने, हातगाड्या, माणसांची गर्दी आणि पायांखाली मलवाहिनी. वरची माणसे आणि खालची वाहिनी यांच्यामध्ये असते फक्त मॅनहोलचे झाकण. वाहिनी पाणी नेते, तसा आवाजही नेते. म्हणून गटारात लपलेल्या आईचे पहिले काम मुलाला गप्प ठेवणे हेच होते.

चित्रपटातील सर्वांत कठीण प्रसंग याच आवाजाचा आहे. खाया ही स्त्री गटारातच बाळंत होते. बाळ रडले तर सगळेच पकडले जातील. सोखा आणि त्याची पत्नी बाळाला सांभाळायला तयार होतात. पण तोवर आईनेच त्याचा श्वास कोंडलेला असतो. दिग्दर्शिका तिला दोषी ठरवत नाही, तिच्या त्यागाचे गोडवेही गात नाही. हा संयम चित्रपटाचे मोठे बळ आहे.

उणीव मात्र दुसरीकडे आहे. कथेचा कणा आहे सोखाचे मनपरिवर्तन : चोऱ्या करणारा, पैशांसाठी मदत करणारा माणूस हळूहळू ‘आपली माणसे’ म्हणू लागतो. त्याच्या प्रत्येक पावलाला कॅमेरा वेळ देतो. पाउलिनाने अंधारात, उंदीर आणि दुर्गंधीत दोन मुलांना रोज सांभाळले, ते काम मात्र कडेला राहते. वाचवणाऱ्याचे धाडस दिसते; टिकून राहण्याचे कष्ट दिसत नाहीत.

ती कसर क्रिस्टिनाच्या ‘द गर्ल इन द ग्रीन स्वेटर’ (2008) या आठवणींतून भरून निघते. गटारात उतरली तेव्हा ती 7 वर्षांची होती. आजीने विणलेला तिचा हिरवा स्वेटर आज वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात आहे. अंधाराने ती खचली तेव्हा सोखाने तिला उचलून मॅनहोलमधून उजेड दाखवला, हेही ती सांगते. चित्रपट आणि पुस्तक एकत्र अभ्यासावे ते यासाठीच.

चर्चेसाठी प्रश्न
1. हीच कथा पाउलिनाच्या बाजूने सांगितली असती, तर कोणते प्रसंग वाढले असते?
2. समाजाने हलके मानलेल्या कामातले ज्ञानच इथे जीव वाचवते. आपल्या शहरात मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगाराच्या ज्ञानाची आणि जिवाची आपण काय किंमत करतो?