शाळा-महाविद्यालयांच्या पुनःप्रारंभाचा क्रम : एक चिकित्सा

मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या महाराष्ट्रातील शाळा ज्या क्रमाने पुन्हा उघडल्या, तो क्रम चिकित्सेस पात्र आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावीच्या वर्गांना अनुमती मिळाली. दुसऱ्या लाटेनंतर ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवीचे व शहरात आठवीचे पुढील वर्ग भरू लागले. लसीच्या दोन मात्रांच्या अटीवर २० ऑक्टोबरला महाविद्यालयेही उघडली. पहिलीसाठी मात्र डिसेंबर २०२१ उजाडला. शिक्षकाच्या सहवासावाचून ज्याची अक्षरओळखही होत नाही, तोच विद्यार्थी सर्वांत शेवटी वर्गात आला. या क्रमामागे शैक्षणिक गरजेपेक्षा परीक्षा व नियमपालन यांची सोय अधिक होती, असेच म्हणावे लागते. ‘असर २०२२’ अहवालानुसार देशात दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे प्रमाण २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर घसरले. २०२१-२२ मधील पहिलीची मुले २०३३ च्या सुमारास पदवीच्या वर्गात येतील. त्यामुळे प्राथमिक शाळेचा हा प्रश्न प्राध्यापकवर्गाने परका मानणे योग्य ठरणार नाही.