स्तवन आणि खुशामत

आमच्या मंडळाच्या एका बैठकीत भक्तिकाव्याचा विषय चालू असताना मी रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या ‘अभंगांजली’तील काही रचना वाचून दाखवल्या. वाचन संपल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, ‘‘रचना गोड आहेत, पण ही आपली भक्ती म्हणायची का?’’ प्रश्न सौजन्याने विचारलेला होता, म्हणूनच तो अधिक बोचला. त्या वेळी मी काही बोललो नाही. घरी आल्यावर मात्र वाटले की ‘आपली’ की ‘परकी’ याआधी एक वेगळाच प्रश्न विचारायला हवा होता : देवाची स्तुती खरी केव्हा असते?

तीन दशकांहून अधिक काळ शासकीय सेवेत घालवलेल्या माणसाला स्तुतीचे सर्व प्रकार परिचयाचे असतात. स्वागतसमारंभात ऐकावी लागते ती एक, निरोपसमारंभात ऐकावी लागते ती दुसरी, आणि अर्जाच्या पहिल्या परिच्छेदातली तिसरी. तिन्हींच्या मागे कुठेतरी एक मागणी दडलेली असते. देवापुढच्या स्तुतीविषयीही माझ्या मनात हीच शंका असे. ख्रिस्ती धर्मग्रंथ वाचू लागल्यावर कळले की ही शंका त्यांनीच आधी घेऊन ठेवली आहे. ओठांनी सन्मान करणाऱ्या आणि मनाने दूर राहणाऱ्या लोकांविषयी यशया संदेष्ट्याने जे म्हटले, तेच येशूने परूश्यांना ऐकवले. आमोस तर त्याहून कठोर. न्यायाचा पत्ता नसेल तर तुमच्या गीतांचा गोंगाट दूर न्या, असे त्याचा देव सांगतो. आणि ‘स्तोत्रसंहिता’ या दीडशे स्तोत्रांच्या ग्रंथाचे मूळ हिब्रू नाव ‘स्तुती’ असे असले, तरी आतली कितीतरी स्तोत्रे तक्रारीची, आक्रोशाची आहेत. तक्रारींनाही स्तुती या नावाखाली जागा देणारी ही परंपरा मला फार मोलाची वाटते.

मराठीपुरते पाहायचे तर आरंभ गोव्यात होतो. 1579 मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स साष्टीत स्थिरावला आणि त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. आपली जुनी पुराणे सुटली, आता वाचायचे काय, ही नवख्रिस्ती मंडळींची अडचण त्याने ओळखली. त्याने केलेली मराठीची स्तुती आपण भाषणांतून पुनःपुन्हा उद्धृत करतो, आणि पुष्कळांचे ‘ख्रिस्तपुराण’ तेथेच संपते. पुढे वाचले तर त्याचे ईश्वरस्तवन भारदस्त आहे, विशेषणांनी समृद्ध आहे. पण ते व्यासपीठावरचे आहे. ऐकणारा समूह समोर बसला आहे आणि पुराणिक त्याला समजावून सांगतो आहे, ही जाणीव क्वचितच सुटते. हा दोष नव्हे, तो पुराणाचा धर्मच आहे. मात्र दिवसभर कष्टून आलेल्या माणसाने एकट्याने देवाशी काय बोलावे, याचे उत्तर येथे मिळत नाही.

ते टिळकांनी शोधले. 1893 मध्ये राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. (आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी हे राजनांदगाव ध्यानात ठेवावे.) त्या काळच्या मराठी उपासनेत इंग्रजी गीतांची भाषांतरे इंग्रजी चालींवर गायिली जात. ऱ्हस्वाच्या जागी चाल लांबायची, दीर्घाच्या जागी तुटायची. अशा ओढाताणीत मनापासून स्तुती व्हायची कशी? टिळकांनी अभंग, पद, भजन, कीर्तन यांची दारे उघडली. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत.

परंतु येथे माझी थोडी तक्रार आहे. ‘माउली’, ‘चरण’, ‘दीन’, ‘अनाथ’ हे शब्द तुकोबांनी देवाशी भांडून मिळवलेले आहेत. टिळकांच्या काही अभंगांत ते वारशाने आयते आल्यासारखे वाटतात. भांडण गाळून फक्त तडजोड हाती यावी, तसे. चाल आपली झाली, शब्द आपले झाले, आणि तरीही एखाद्या ठिकाणी निरोपसमारंभाचा सूर कानाला लागतो. हेच टिळक फुलांमुलांविषयी लिहितात तेव्हा देवाचे नाव न घेताही त्यांचे स्तवन अधिक मोकळे होते. ख्रिस्ताला ते सखा म्हणून हाक मारतात तेथेही त्यांचा आवाज स्वतःचा असतो.

खऱ्या अर्थाने दैनंदिन असे स्तवन मला ज्या पुस्तकात सापडले, त्याला कोणी भक्तिग्रंथ म्हणत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. पतीच्या धर्मांतरानंतर त्या कित्येक वर्षे वेगळ्या राहिल्या. ती वर्षे लिहिताना ‘देवाने माझी परीक्षा पाहिली, त्याचा महिमा थोर’ अशी साचेबंद भाषा त्या वापरत नाहीत. दुःखाला त्या दुःखच म्हणतात, आणि पुढच्याच ओळीत वाचकाला हसवतात. पतीकडे परतल्यावरही त्यांचे सोवळे आणि स्वतंत्र स्वयंपाक चालूच होता. तो सुटला तो कोणाच्या प्रवचनाने नव्हे. माणसांतले हे भेद देवाने केले की माणसाने, हा विचार त्यांनी स्वतःशीच केला. उत्तर मिळाले, आणि मग कोणाच्याही हातचे खायला त्या तयार झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 मधला. टिळकांच्या घरात अनाथ मुलांना आसरा मिळे आणि पैसा मात्र टिकत नसे. ही सारी तारांबळ त्या ज्या प्रसन्नतेने सांगतात, तिच्यात मला कृतज्ञता ऐकू येते. ती देवाला उद्देशून नाही, म्हणूनच तिच्यात अर्जाचा वास नाही.

मी आत्मचरित्राला ओढूनताणून स्तोत्र ठरवतो आहे, असा आक्षेप येईल. तो काही अंशी मान्य आहे. लक्ष्मीबाईंनी स्वतः कविता लिहिल्या आणि टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ही पुढे नेले, भक्तीसाठी तेच पाहावे, असे कोणी म्हणेल. मी तेही पाहिले आहे. तेथे त्या पतीचे काम निष्ठेने पूर्ण करतात. ‘स्मृतिचित्रे’त मात्र त्या कोणाचेच काम करीत नाहीत.

ज्येष्ठ सभासदांना माझे उत्तर अजून द्यायचे आहे. पुढच्या बैठकीत भक्तिकाव्याचाच विषय असेल, तर मी अभंग वाचणार नाही. त्या स्वतंत्र चुलीची पाने वाचीन, आणि ‘आपली’ की ‘परकी’ हे त्यांनाच विचारीन.