‘बाधा’ आणि मातेची साक्ष

मराठीतील ‘बाधा’ हा शब्द दोन परस्परविरोधी विश्वांत सारख्याच सहजतेने वावरतो. जंतुबाधा व विषबाधा हे वैद्याचे शब्द. भूतबाधा हा मांत्रिकाचा. हा श्लेष एरवी कोशकाराच्या कुतूहलाचा विषय ठरला असता. परंतु कालपर्यंत हसतखेळत शाळेत जाणारे मूल आज अन्नाला शिवेनासे होते, पुनःपुन्हा हात धुते, मान झटकते, आईला क्षणभर दृष्टीआड होऊ देत नाही; अशा वेळी ‘बाधा’चा कोणता अर्थ घरात प्रथम उच्चारला जातो, यावर त्या मुलाच्या उपचाराची वाट अवलंबून असते. बेथ अ‍ॅलिसन मलोनी यांच्या ‘सेव्हिंग सॅमी’ (२००९) या इंग्रजी ग्रंथाचे परीक्षण या दृष्टीने करणे अगत्याचे आहे.

ग्रंथाचा विषय थोडक्यात असा : बारा वर्षांच्या एका बुद्धिमान अमेरिकन मुलाला एकाएकी मंत्रचळ जडतो, पुढे अंगविक्षेपही सुरू होतात. घसादुखीची उघड तक्रार नसताना रक्ततपासणीत स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या संसर्गाची खूण आढळते आणि प्रतिजैविकांच्या दीर्घ उपचाराने मुलगा सावरतो. ही कथा निराधार नव्हे. याच जंतूच्या संसर्गानंतर होणाऱ्या, हातापायांच्या अनावर हालचालींच्या विकाराचे वर्णन टॉमस सिडनहॅम याने १६८६ मध्येच केले होते. त्या विकाराच्या अभ्यासातून पुढे आलेल्या सुसान स्वीडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ५० मुलांच्या निरीक्षणावरून ‘पँडास’ ही संकल्पना मांडली. २०१२ मध्ये तिला ‘पॅन्स’ हे अधिक व्यापक रूप मिळाले. जंतूंविरुद्ध निर्माण झालेली प्रतिद्रव्ये मेंदूच्या काही भागांवरच उलटतात, अशी यामागील उपपत्ती आहे. तीविषयी वैद्यकात अद्याप एकमत नाही.

ग्रंथाचे मोल त्यातील क्रमनिष्ठ निवेदनात आहे. या विकाराचा निर्णय एका चाचणीने होत नाही; आरंभ किती अकस्मात झाला, त्यापूर्वी ताप वा घसादुखी होती काय, हे विचारावे लागते. त्यामुळे मातेचे कथन हा येथे भावनेचा उद्गार न राहता निदानाचा पुरावा बनतो. घरातील स्त्रीच्या बोलण्याला ‘काळजीपोटीची बडबड’ मानणाऱ्या वृत्तीला हा ग्रंथ समर्पक उत्तर देतो.

तथापि त्याची रचना विजयगाथेची आहे, आणि तेथेच त्याचे वैगुण्य आहे. एका मुलाचे बरे होणे हा सर्वांसाठी सिद्धांत होऊ शकत नाही. प्रतिजैविके दीर्घकाळ देण्याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि अनेक मुलांत हा विकार ओसरून पुन्हा उसळतो. ज्यांच्या वाट्याला असा उलटा फेरा येतो, त्या आईबापांना विजयगाथा धीर देण्याऐवजी अपराधी ठरविते. शिवाय लेखिका व्यवसायाने वकील आहे. तज्ज्ञांचे दार ठोठावीत राहण्याचे तिचे बळ सर्वांपाशी नसते.

या ग्रंथाचा वाचक देऊळगाव राजा येथील एखादे सामान्य कुटुंब आहे, अशी कल्पना केली म्हणजे हे वैगुण्य अधिक स्पष्ट होते. गावात बालाजीचे जागृत देवस्थान आहे. जिल्ह्यातच सैलानीचा दर्गा आहे, जेथे होळीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत मनोरुग्णांना घेऊन असंख्य कुटुंबे येतात. त्यांना अंधश्रद्ध म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तेथे आईला दोष न देता तिचे दुःख खरे मानले जाते, ही गोष्ट टीकाकाराने विसरता कामा नये. भूत उतरविण्याच्या मिषाने मारहाण करणे वा साखळीने बांधणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरविले, हे योग्यच झाले. मात्र कायदा काय करू नये ते सांगतो. घाबरलेल्या कुटुंबाने त्या रात्री कोठे जावे, हे सांगणे त्याच्या कक्षेत येत नाही. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत याच जंतूमुळे संभवणाऱ्या ऱ्हुमॅटिक हृदयविकाराचा समावेश आहे. तेव्हा घसादुखीनंतर मुलाच्या वागण्यात एकाएकी पडलेल्या फरकाचीही चौकशी शाळेत व्हावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

मलोनीबाईंच्या ग्रंथातून अशा कुटुंबाने घ्यावे ते औषधाचे नाव नव्हे. ताप कधी आला, वागणे कोणत्या दिवशी पालटले, याची तारीखवार वही ठेवावी आणि ती घेऊन प्रथम बालरोगतज्ज्ञाकडे जावे, एवढा बोध पुरेसा आहे. नवस बोलणाऱ्या आईच्या हातीही ही वही असू शकते; तिची श्रद्धा मोडल्यावाचून ‘बाधा’चा दुसरा अर्थ तिला सांगता येतो. मराठीत या विकाराविषयी लिहू इच्छिणाऱ्याने विजयाच्या कथेपेक्षा त्या वहीचा आदर्श समोर ठेवावा.