सोयरिकीची रेषा आणि सत्तेचे गणित

२६ सप्टेंबर १४३४ या दिवशी फ्लॉरेन्स शहरात रिनाल्दो देल्यी आल्बित्सी याने आपली हत्यारबंद माणसे रस्त्यावर आणली. वर्षभरापूर्वी त्याच्याच पुढाकाराने कोसिमो दे मेदिची याला अटक होऊन हद्दपारी झाली होती. आता नव्या नगरमंडळात कोसिमोच्या बाजूची माणसे निवडून आली होती आणि त्याला परत बोलावण्याची तयारी चालू होती. रिनाल्दोला ते बळाने रोखायचे होते. त्याच्या पक्षात शहरातली जुनी, श्रीमंत, कुलीन घराणी होती. पण ऐनवेळी कोणी आले, कोणी आलेच नाही, कोणी येऊन परत गेले. शहरातल्या सर्वांत धनाढ्य माणसांपैकी एक असलेला पाल्ला स्त्रोत्सी शस्त्राशिवाय आला आणि निघून गेला. रिनाल्दोचा बेत फसला, कोसिमो परतला आणि पुढची साठ वर्षे शहराची सूत्रे मेदिची घराण्याकडे राहिली.

अधिक पैसा, अधिक जुने कूळ आणि हातात असलेली सत्ता यांचा पराभव का झाला? जॉन पॅजेट आणि ख्रिस्तोफर अँसेल यांनी १९९३ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’मध्ये या प्रश्नावर एक दीर्घ निबंध लिहिला. समाजातील सत्ता समजून घेण्यासाठी संबंधांचे जाळे मोजण्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ झाली आहे, तिचे सर्वाधिक उद्धृत होणारे उदाहरण हेच. माणसे किंवा घराणी म्हणजे बिंदू, त्यांच्यातील नाती म्हणजे रेषा. बिंदूचे गुण नंतर पाहा, आधी रेषा कशा पसरल्या आहेत ते पाहा, असे ही पद्धत सांगते. मला हा निबंध मोलाचा वाटतो. परंतु पाठ्यपुस्तकांतून त्याचे जे झाले आहे, त्याकडे डोळे उघडे ठेवून पाहण्याची गरज आहे. आपल्याकडेही निवडणुका आल्या की पुढाऱ्यांच्या सोयरिकींचे तक्ते छापले जातात आणि ‘ही पाहा सत्तेची गुरुकिल्ली’ असे सुचवले जाते. म्हणून हा प्रपंच.

प्रथम निबंधाचे श्रेय. डेल केंट या इतिहासकार विदुषीने १९७८ च्या आपल्या ग्रंथात मेदिची पक्षाची माणसे, त्यांचे नातेसंबंध आणि व्यवहार अभिलेखागारांतून खणून काढले होते. पॅजेट-अँसेल यांनी ती सामग्री पायाभूत धरून ९२ घराणी घेतली. विवाह, भागीदारी, व्यापार, कर्ज, जामीनकी, आश्रय, मैत्री अशी वेगवेगळी नाती वेगवेगळी ठेवली, त्यांची सरमिसळ केली नाही. त्यातून जे चित्र दिसले ते असे : मेदिचींच्या सोयरिकी जुन्या कुलीन घराण्यांशी होत्या, तर पैशाचे व्यवहार मुख्यतः नव्याने वर आलेल्या लोकांशी. हे दोन गट एकमेकांत मिसळत नव्हते. त्यांना जोडणारे मेदिचीच. उलट विरोधी पक्षातली घराणी एकमेकांत इतकी गुंतलेली होती की पुढारपणाचा दावा प्रत्येकालाच करता येत होता. भावकी मोठी असली की हाकेला सगळे धावतात, असे आपण समजतो. प्रत्यक्षात मोठ्या भावकीत ‘तू कोण सांगणारा?’ हा प्रश्नही तितक्याच लवकर येतो. रिनाल्दोचे त्या दिवशी हेच झाले.

निबंधाचा याहून महत्त्वाचा भाग हा, की कोसिमोने हे जाळे डाव रचून विणले असे लेखक म्हणत नाहीत. १३७८ च्या चोंपी कामगारांच्या उठावानंतर कुलीनांनी आपले वर्तुळ आवळले आणि त्यातून मेदिचींच्या वाट्याला विशिष्ट प्रकारची नाती आली. त्या नात्यांत किती बळ आहे, हे कोसिमोला फार उशिरा उमगले. सत्ता म्हणजे केवळ धूर्त माणसाची करामत नव्हे, असे सांगणारा हा विचार चरित्रपूजेला सरावलेल्या आपल्या इतिहासलेखनाला उपकारक आहे.

आता पाठ्यपुस्तकांकडे वळू. तिथे ९२ घराण्यांची १६ होतात, नात्यांच्या अनेक प्रकारांतून फक्त विवाह उरतो आणि एका पानावर मावेल असे चित्र तयार होते. सोळा बिंदू, वीस रेषा. मेदिचींच्या सहा सोयरिकी, स्त्रोत्सींच्या चार, ग्वादान्यींच्या चार, आल्बित्सींच्या तीन. १४२७ च्या करनोंदींवरून या चित्रासोबत दिली जाणारी संपत्ती पाहिली तर स्त्रोत्सी १४६ हजार लिरा आणि मेदिची १०३ हजार. म्हणजे पैशात स्त्रोत्सी पुढे. मग एक आकडा येतो : मध्यस्थता. कोणत्याही दोन घराण्यांमधली सर्वांत जवळची वाट किती वेळा मेदिचींच्या दारावरून जाते, याचे प्रमाण ०.५२२ भरते. त्यांच्यामागे ग्वादान्यी ०.२५५ वर, स्त्रोत्सी तर ०.१०३ वर. निम्म्याहून अधिक वाटा मेदिचींच्या हातात, म्हणून सत्ता मेदिचींची. विद्यार्थी वहीत उतरवून घेतो आणि प्रश्न सुटतो.

हे मोजायला संगणक लागत नाही. आलेखवहीचे एक पान, पेन्सिल आणि एक दुपार पुरते. मी ते करून पाहिले. पुच्ची घराण्याला या चित्रात एकही सोयरीक नाही, ते बाजूला ठेवू. मेदिची सोडून उरतात चौदा घराणी, म्हणजे ९१ जोड्या. त्यांपैकी मेदिचींच्या खाती साडेसत्तेचाळीस जोड्या पडतात (दोन वाटा सारख्याच जवळच्या असतील तर अर्धी-अर्धी वाटणी). ४७.५ भागिले ९१, म्हणजे ०.५२२. हिशोब बरोबर आहे.

पण मग मेदिचींचा बिंदू खोडून पाहिला. जाळ्याच्या चिंधड्या उडतील अशी अपेक्षा होती. तसे काही झाले नाही. अकरा घराणी एकमेकांना धरून राहिली. आल्बित्सी ग्वादान्यींना, ग्वादान्यी तोर्नाबुओनींना, तोर्नाबुओनी रिदोल्फींना, रिदोल्फी स्त्रोत्सींना जोडलेले होतेच. तुटली ती फक्त तीन : आच्चाइओली एकटे, सालव्याती आणि पात्सी ही दोघांची जोडी. साडेसत्तेचाळीसपैकी ३५ जोड्या या तीन घराण्यांच्या आहेत. त्यांना या चित्रात मेदिचींखेरीज दुसरे दारच नाही. उरलेल्या अकरा घराण्यांच्या आपसातल्या ५५ जोड्या घेतल्या, तर मेदिचींच्या वाट्याला साडेबारा येतात. पाव हिश्शाहूनही कमी, आणि तिथेही मेदिची वाट जवळची करतात इतकेच. ते नसले तरी वाट बंद होत नाही.

आता विचारायचे ते हे, की आच्चाइओली, सालव्याती, पात्सी यांना खरोखरच दुसरी सोयरीक नव्हती काय? फ्लॉरेन्समधली नामांकित घराणी ती. त्यांच्या मुली-मुलांची लग्ने या सोळा घरांबाहेर होतच होती. दार नव्हते ते चित्रात, शहरात नव्हे. म्हणजे ज्या आकड्यावर एवढा भार दिला जातो, त्याचा मोठा हिस्सा मेदिचींच्या सामर्थ्यातून आलेला नसून चित्राची हद्द कुठे आखली त्यातून आला आहे. सर्वांत बोलके उदाहरण कोसिमोच्या घरातलेच आहे. त्याची पत्नी कोन्तेस्सीना ही बार्दी घराण्यातली. सोळांच्या यादीत बार्दी नाहीत! ज्या माणसाच्या सोयरिकींवर हे सारे गणित उभे आहे, त्याचे सासरच चौकटीबाहेर राहिले आहे.

हद्दीबाहेर आणखीही कोणी राहिले आहे. १४३४ मध्ये पोप युजीन चौथा रोममधून पळून फ्लॉरेन्समध्ये येऊन राहिला होता. रिनाल्दोने हत्यारे खाली ठेवावीत म्हणून मध्यस्थी केली ती त्याने. मेदिचींची पेढी पोपच्या दरबाराचा पैसा सांभाळत असे. घराण्यांच्या चित्रात पोपला बिंदू नाही, कारण पोपची कोणाशी सोयरीक नसते. विवाहाच्या रेषांवरून मध्यस्थता मोजणाऱ्या चित्रात त्या दिवसाचा खरा मध्यस्थच दिसत नाही, याहून मोठा इशारा कोणता?

यातून मूळ निबंध कोसळत नाही. त्याचा आधार हा एक आकडा नाही. उलट छोट्या चित्रातही निबंधाचा गाभा वेगळ्या मोजणीने टिकतो. मेदिचींच्या सहा सोयऱ्यांमध्ये आपसात पंधरा सोयरिकी शक्य होत्या. झाली होती एकच, रिदोल्फी आणि तोर्नाबुओनी यांची. स्त्रोत्सींच्या चार सोयऱ्यांमध्ये सहा शक्य होत्या, त्यांपैकी दोन झालेल्या. मेदिचींचे सोयरे एकमेकांचे सोयरे नव्हते. सगळ्यांना जोडणारा पूल असणे आणि एकमेकांना न ओळखणाऱ्यांचा समाईक पाहुणा असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निबंध दुसरी सांगतो. पाठ्यपुस्तक पहिली शिकवते.

आणखी एक रेषा लक्षात घ्यावी : या चित्रात मेदिची आणि आल्बित्सी यांच्यातही सोयरीक आहे. एकाने दुसऱ्याला हद्दपार केले, आणि रेषा जशी होती तशीच! सोयरे म्हणजे मित्र नव्हेत, हे आपल्या गावाकडे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. तक्ता मात्र दोन्हींसाठी एकच रेघ ओढतो.

आता त्या रेघेकडेच पाहू. घराणे म्हणजे बिंदू आणि विवाह म्हणजे रेषा, असे म्हटल्यावर पुरुषांची नावे बिंदूंना मिळतात. स्त्री रेषा होते. १४२५ साली फ्लॉरेन्सच्या सरकारने मुलींच्या हुंड्यासाठी सार्वजनिक ठेव योजना काढली होती, यावरून या रेषेचा खर्च कळावा. १४३४ नंतर हद्दपार झालेल्या मात्तेओ स्त्रोत्सीची विधवा आलेस्सांद्रा हिची सत्तरएक पत्रे उपलब्ध आहेत. १४४७ मध्ये ती परदेशी असलेल्या मुलाला कळवते, की बहीण कातेरीना हिचे रेशमाचे व्यापारी असलेल्या पारेन्ती घराण्यात एक हजार फ्लोरिन हुंड्यावर ठरवले आहे. याहून वरचे स्थळ करायचे तर चौदाशे-पंधराशे मोजावे लागले असते. पुढे मुलांसाठी स्थळे शोधताना हुंडा, कूळ आणि त्या घराचे राजकारणातले दिवस कसे आहेत, हे सारे ती तोलते. म्हणजे रेषा ओढणारा हात अनेकदा त्या ‘रेषे’चाच होता. तक्त्यात आलेस्सांद्रा शोधू गेले तर सापडत नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो मांडण्याची साधने आपल्याकडे आधीपासून आहेत. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भारतातील जातींविषयीचा आपला निबंध वाचला. जातीचे मर्म त्यांनी आंतरविवाहाच्या नियमात शोधले. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या रूढी हा नियम टिकवण्यासाठी गटातील स्त्री-पुरुषांची संख्या जुळवण्याच्या युक्त्या आहेत, असे दाखवले. जाळ्याच्या भाषेत मांडायचे तर सत्तेचा मुख्य पुरावा ओढलेल्या रेषांत नसून न ओढलेल्या रेषांत आहे. झालेली लग्ने मोजणारा सत्ताधाऱ्यांमधली चुरस पाहतो. होऊच न दिलेली लग्ने मोजणारा सत्तेची रचना पाहतो. पुच्ची घराण्याचा एकटा बिंदू पाठ्यपुस्तक ‘विलग’ म्हणून सोडून देते. आंबेडकरांचा वाचक तिथेच थांबून विचारेल : याला कोणी विलग ठेवले?

ही पद्धत हा प्रश्न विचारू शकत नाही असे नाही. अभिजित बॅनर्जी, अरुण चंद्रशेखर, एस्थर डुफ्लो आणि मॅथ्यू जॅक्सन यांनी कर्नाटकातील ७५ गावांत केलेल्या पाहणीचा शोधनिबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. सूक्ष्मकर्जाची बातमी गावात कोणामार्फत पसरते, हा त्यांचा विषय. त्यासाठी घरोघरी विचारले गेले : गरज पडली तर रॉकेल-तांदूळ कोणाकडून उसने आणता? कोणाच्या घरी जाता-येता? सल्ला कोणाला विचारता? एका गावातल्या उसनवारीचा आलेख जॅक्सन यांनी पुढे जातवार रंगवून छापला, तेव्हा रेषा दोन झुबक्यांत विभागलेल्या दिसल्या; अनुसूचित जाती-जमातींची घरे एकीकडे, इतर दुसरीकडे, मधे मोजक्याच रेषा. तिथे बोलते ती मधली मोकळी जागा. वाटीभर तांदळाचा प्रश्न विचारला म्हणून ती दिसली. केवळ पुढाऱ्यांची लग्ने मोजली असती तर दिसली नसती.

तेव्हा जाळे-विश्लेषण टाकून द्यावे, असे माझे म्हणणे नाही. ते वाचायला शिकावे. असा तक्ता समोर आला की चार प्रश्न विचारावेत. हद्द कोणी आणि कुठे आखली? एका रेघेत किती प्रकारची नाती कोंबली? रेघ झालेली माणसे कोण? आणि कोणत्या रेघा ओढायला मनाई होती? या प्रश्नांची उत्तरे आकड्याच्या आधी मिळाली, तर ०.५२२ हा आकडा उपयोगाचा आहे. ती न मिळता आकडा हाती आला, तर जिंकलेल्याच्या गळ्यात गणिताची माळ घालण्यापलीकडे आपण काही केलेले नसते.