नेता, आरसा आणि काटा : सोनारीतून 'सामना' पुन्हा पाहताना

'यथा राजा तथा प्रजा' ही उक्ती लोकशाहीत उलटी करून वापरण्याची आपल्याकडे रीत आहे. निकाल लागला, की 'जशी प्रजा तसा राजा' असे म्हणून सुशिक्षित माणूस हात झटकून मोकळा होतो. नेता हा समाजाच्या मूल्यांचा आरसा असतो, हे त्यामागचे गृहीतक. मराठीतील राजकीय कलाकृतींविषयी लिहितानाही आपण ते फारसे न तपासता वापरतो. ते एका गावात नेऊन तपासावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गाव आहे धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी. अनेक घराण्यांचे कुलदैवत असलेल्या काळभैरवनाथाचे हे ठिकाण. देवळाभोवतीच्या वानरांसाठीही ते प्रसिद्ध आहे. याच देवाचे नाव घेतलेला खासगी साखर कारखाना येथे आहे आणि तो ज्यांच्या समूहाचा, ते तानाजी सावंत २०१९पासून परंडा मतदारसंघाचे आमदार आहेत. देव, ऊस आणि मत या तिन्हींचे व्यवहार एकाच शिवारात पाहायला मिळतात, म्हणून सोनारी.

या भागाला आरशाची उपमा मुळात किती जुनी लागू पडते, हेही पाहायला हवे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. राजाचे रूप प्रजेवर अवलंबून असण्याचा प्रश्नच नव्हता. सार्वत्रिक प्रौढ मताधिकाराची पहिली निवडणूक येथील माणसाने पाहिली ती १९५२च्या सुमारास. म्हणजे 'प्रजा' या शब्दाची सवय कित्येक पिढ्यांची आणि 'मतदार' या शब्दाची जेमतेम तीन-चार पिढ्यांची.

मराठी कलाकृतींनी या नात्याकडे कसे पाहिले? विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) लोक म्हणजे रंगमंचावरची माणसांची भिंत. नाना फडणवीसांचे उद्योग ही भिंत झाकते, हवे तेव्हा पुढे आणते आणि शेवटी घाशीरामाचा बळी घेऊन नानांना मोकळे करते. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून आलेल्या 'सिंहासन'मध्ये (१९७९) सत्तेची उलथापालथ बंगल्यांत आणि फोनवर होते. लोक कडेला असतात आणि पत्रकार दिगू टिपणीस मध्ये उभा राहून सारे पाहत असतो. पहिल्या कृतीत जनता सहभागी आहे, दुसरीत जवळजवळ गैरहजर.

या दोन्हींच्या मधली जागा 'सामना'ची (१९७४). सहकारसम्राट हिंदुराव धोंडे पाटील आणि मास्तर यांच्यातील नैतिक झुंज म्हणून त्याची चर्चा होत आली. निळू फुले आणि श्रीराम लागू यांच्या अभिनयाने ती झुंज इतकी भरून टाकली, की तिसऱ्या पात्राकडे आपले दुर्लक्ष झाले. ते पात्र म्हणजे गाव. मारुती कांबळेचे काय झाले, हे मास्तर विचारत राहतो आणि गाव विषय टाळत राहते. हिंदुरावाची मूल्ये या लोकांची आहेत, असे चित्रपट कुठेही सुचवत नाही. त्यांच्यापैकी कोणी माणूस नाहीसा करणारा नाही. पण माणूस नाहीसा झाल्यावर गप्प राहणारे ते आहेत, कारण प्रत्येकाचे काही ना काही हिंदुरावाकडे अडकलेले आहे. माझा निष्कर्ष येथूनच सुरू होतो. लोक काय मानतात, हे नेत्यात दिसत नाही. लोक काय चालवून घेतात, ते दिसते. आणि काय चालवून घ्यायचे, हे कोणावर किती अवलंबून आहोत यावरून ठरते.

हा निष्कर्ष सोनारीला जसाच्या तसा लावता येतो का? येत नाही, आणि अडचण नेमकी येथेच आहे. 'सामना'तले जग सहकाराचे. १९५०च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या प्रयोगात शेतकरी सभासद होता. भाग कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. पुढे सहकारात काय काय शिरले ते सर्वज्ञात आहे. तरी वार्षिक सभेत उभे राहून अध्यक्षाला जाब विचारण्याचा कायदेशीर हक्क सभासदाला होता. गावाचे मौन म्हणूनच दोषास्पद ठरते. बोलायला जागा होती आणि कोणी बोलले नाही.

१९९८मध्ये साखर उद्योग परवानामुक्त झाला आणि खासगी कारखाने वाढले. खासगी कारखान्याच्या काट्यावर उभा असलेला शेतकरी सभासद नसतो, ऊस पुरवठादार असतो. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळावेत, असा नियम त्याच्या बाजूने आहे. पण तो धनको म्हणून, धनी म्हणून नव्हे. कारखान्याचा मालक निवडण्याचा अधिकार त्याला नाही. आमदार निवडण्याचा आहे. मालक आणि आमदार ही एकच व्यक्ती असेल, तेव्हा मत नेमके कोणत्या नात्याने दिले जाते, हे निकालाच्या आकड्यातून वाचता येत नाही. याच काळात तिसरा शब्द रुळला : लाभार्थी. जुलै २०२४पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये सुरू झाले आणि नोव्हेंबरात विधानसभेचे मतदान झाले. सभासद, पुरवठादार, लाभार्थी या क्रमात प्रत्येक पायरीवर देणाऱ्याचा हात उंचावत जातो आणि घेणाऱ्याचा जाब विचारण्याचा हक्क कमी होतो. गेल्या पन्नास वर्षांचा आपला राजकीय इतिहास या तीन शब्दांत सांगता येईल.

आता आकडे. २०१९मध्ये सावंत यांनी राहुल मोटे यांचा सुमारे ३२ हजार मतांनी पराभव केला. २०२४मध्ये हेच दोन उमेदवार समोरासमोर होते. फरक १,५०९ मतांचा. मधल्या काळात शिवसेना फुटली, खरा पक्ष कोणता याचा निवाडा निवडणूक आयोगाने आणि विधानसभेच्या अध्यक्षांनी केला. मतदाराला कोणी विचारले नाही. आरशाचा सिद्धान्त खरा मानला, तर पाच वर्षांत भूम, परंडा आणि वाशी तालुक्यांची मूल्ये बदलली असे म्हणावे लागेल. तसे कोणी म्हणणार नाही. शिवाय मतदान २० नोव्हेंबरला आणि गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करण्याचे ठरलेले. या पट्ट्यातून कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचे प्रतिबिंब कोणत्या आरशात शोधायचे?

यावर एक आक्षेप येईल : मग लोकांवर काहीच जबाबदारी नाही काय? आहे, आणि ती सोनारीतच नीट दिसते. भैरवनाथाला केलेला नवस माणूस फेडतो. कर्ज काढून फेडतो, न फेडल्यास मनाला लावून घेतो. शब्द पाळणे हे येथील जिवंत मूल्य आहे. नवसात शब्द देतो भक्त. निवडणुकीत शब्द देतो नेता. आपला शब्द पाळण्याबाबत काटेकोर असलेला माणूस नेत्याच्या शब्दाबाबत मात्र देवाची सवलत देतो : पावला तर पावला. राजकारणातील भक्ती अधोगतीकडे नेते, असे बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत बजावले होते. त्या इशाऱ्याचा अर्थ मी असा लावतो, की मूल्ये नाहीत ही आपली अडचण नाही. ती देवळाच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबतात आणि मतदान केंद्रापर्यंत पोहोचत नाहीत, ही आहे.

म्हणून 'लोकच तसे' हा निवाडा मला आळशी वाटतो. तो लोकांवर अन्याय करतो आणि नेत्यालाही सुटका देतो. समीक्षेकडून अपेक्षा अशी, की प्रत्येक नव्या पुढाऱ्यात तिने हिंदुराव शोधत बसू नये. हिंदुरावाला निदान सभासदांची सभा घ्यावी लागत होती. पुरवठादाराची आणि लाभार्थ्याची कादंबरी मराठीत जोमाने लिहिली जायला हवी. तिची सुरुवात मुंबईच्या बंगल्यात करून चालणार नाही. हंगामात रात्री दोन वाजता काट्यावर ट्रॅक्टर लावून नंबराची वाट पाहणाऱ्या माणसापासून ती करावी लागेल, आणि तो मनात कोणता हिशेब मांडतो आहे, हे आधी त्यालाच विचारावे लागेल.